जुनं कपाट, नवं बाळ

वाचण्याआधी

तुमच्या घरातली सगळ्यात जुनी लाकडी वस्तू कोणती? ती कोणी आणली? तिच्यावर रंग आहे की पॉलिश? उत्तरं मनात ठेवा आणि मग पाठ वाचा.

या पाठात दिलेले नियम मुख्यतः अमेरिकेतले आहेत. तुम्ही ब्रिटनमध्ये, आखातात किंवा दुसरीकडे राहत असाल, तर तिथले नियम शोधा. नियमांमागची कारणं मात्र सगळीकडे सारखीच आहेत.

पाठ

‘त्यांच्या घरी पाळणा हलणार आहे’ असं कोणी म्हणालं, तर समजायचं की त्यांच्या घरी बाळ येणार आहे. ही बातमी कळली की घरात जुन्या वस्तूंची आठवण निघते. कोणाच्या गॅरेजमध्ये जुनी क्रिब पडलेली असते, कोणाच्या बेसमेंटमध्ये झुलती खुर्ची. शेजारी घर बदलतात आणि खणांचं कपाट फुकट देऊन जातात. आपल्याला वाटतं, लाकूड तर चांगलं आहे. जरा घासलं, रंगवलं, की बाळाच्या खोलीत छान दिसेल. पैसेही वाचतील.

मराठीत म्हण आहे, ‘जुनं ते सोनं’. जुन्या लाकडाच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. पण सोनंसुद्धा आपण पारखून घेतो. मग बाळाच्या खोलीत येणारी वस्तू कशी पारखायची? एकच प्रश्न विचारायचा : बाळ या वस्तूचं काय करेल?

मोठा माणूस कपाटात कपडे ठेवतो. बाळ कपाटाची कड चाटतं. काही महिन्यांनी ते कपाटाला धरून उभं राहतं. आणखी काही महिन्यांनी खण उघडतं आणि जिन्यासारखं वर चढतं. म्हणून वस्तू बघताना जमिनीवर बसा आणि बाळाच्या उंचीवरून बघा. काय ठेवायचं आणि काय नाही, हे तिथून लवकर कळतं.

१. झोपायची जागा : इथे जुनं नको

बाळाच्या खोलीतल्या बऱ्याच वस्तू जुन्या चालतात. क्रिब मात्र जुनी चालत नाही.

पूर्वी अमेरिकेत एक बाजू खाली सरकणाऱ्या क्रिब मिळायच्या. बाळाला उचलायला त्या सोयीच्या होत्या. पण काही वर्षांनी त्यांच्या कड्या आणि स्क्रू सैल व्हायचे, बाजू निसटायची, आणि बाळ गादी आणि कठड्याच्या मधल्या फटीत अडकायचं. यात बाळांचे जीव गेले. म्हणून २८ जून २०११ पासून तिथे नवे, कडक नियम आले आणि अशा क्रिब बनवायला आणि विकायला बंदी झाली. जुन्या क्रिबला नवे स्क्रू लावले किंवा नवा रंग दिला, तरी ती नव्या नियमात बसत नाही. त्यामुळे २०११ च्या आधीची क्रिब कोणी प्रेमाने दिली, तरी तिच्यात बाळाला झोपवू नका.

क्रिबच्या दोन गजांमधलं अंतर २ ३/८ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. हे तपासायला टेपसुद्धा लागत नाही. सोड्याचा नेहमीचा जाड कॅन घ्या. तो दोन गजांमधून आरपार गेला, तर फट मोठी आहे. अशा फटीतून बाळाचं अंग बाहेर जाऊ शकतं आणि डोकं आत अडकतं. गादी आणि कठडा यांच्यामध्येही दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको.

बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपलेलं बरं. गादीवर फक्त ताणून बसवलेली चादर हवी. उशी, लोड, मऊ खेळणी काही नको. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात की निदान पहिले सहा महिने बाळाने आईबाबांच्या खोलीत, पण वेगळ्या जागी झोपावं. म्हणजे बाळाची खोली कितीही सुंदर सजवली, तरी सुरुवातीला रात्री ती रिकामीच असणार. ही गोष्ट आपल्या आजी-पणजींना फार नवी वाटणार नाही. बाळ आईजवळच असायचं.

२. रंग : आधी त्याचं वय विचारा

आता खणांच्या कपाटाकडे येऊ. कपाट जुनं चालेल. पण पॉलिश पेपर हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारा : यावरचा रंग कधीचा आहे?

पूर्वी रंगात शिसं घालायचे. शिसं हा जड धातू आहे. त्यामुळे रंग लवकर वाळायचा आणि जास्त टिकायचा. पण शिसं पोटात गेलं, तर लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. रक्तात इतकं शिसं असलं तर चालेल, असा कोणताही आकडा डॉक्टर देत नाहीत. अमेरिकेत १९७८ साली घरगुती रंगांत आणि रंगवलेल्या फर्निचरमध्ये शिशाच्या रंगावर बंदी आली. २००९ पासून मर्यादा आणखी कडक झाली : रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे ९० भाग, त्यापेक्षा जास्त नाही. भारतात हीच मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणून गावाकडून आलेला रंगीत पाट किंवा पाळणासुद्धा याच प्रश्नातून जायला हवा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जुना रंग लाकडावर घट्ट बसलेला असतो तेव्हा धोका कमी असतो. आपण तो घासायला लागलो की त्याची बारीक धूळ होते. ती जमिनीवर, कपड्यांवर, हातांवर बसते. बाळ रांगतं, हात तोंडात घालतं, आणि धूळ पोटात जाते. म्हणजे वस्तू सुंदर करायच्या नादात आपणच विष मोकळं करतो. आई गरोदर असताना तिच्या रक्तातलं शिसं बाळापर्यंत पोहोचतं, म्हणून तिने या कामाच्या जवळपासही थांबू नये.

वरून नवा रंग दिला तर? तेही पुरेसं नाही. दात येताना मुलं कडा कुरतडतात. वरचा थर निघाला की खालचा तोंडात जातो.

मग करायचं काय? वस्तू १९७८ च्या आधीची असेल, किंवा तिचं वय कोणालाच माहीत नसेल आणि तिच्यावर रंग असेल, तर रंगाचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. घरी करायच्या तपासणीवर एकट्यावर विसंबू नका. शिसं निघालं, तर ती वस्तू बाळाच्या खोलीत आणू नका.

रंग काढायच्या जुन्या रसायनांपासूनही जपा. पूर्वी अशा रसायनांत मिथिलीन क्लोराइड असायचं. बंद खोलीत त्याची वाफ जीवघेणी ठरते. २०१९ पासून अमेरिकेत अशी रसायनं सर्वसामान्य ग्राहकांना विकायला बंदी आहे. पण गॅरेजच्या फळीवर एखादा जुना डबा अजून असू शकतो. तो वापरू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. गावातल्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्या.

३. लाकूड ओळखा, सांधे पक्के करा

समजा, तुमच्या कपाटावर शिशाचा रंग नाही. आता ते उजेडात आणा आणि चारही बाजूंनी बघा.

पहिलं, हे खरंच सबंध लाकूड आहे का? वरच्या फळीची कड बघा. फळीवरच्या रेषा कडेवरही पुढे जाताना दिसल्या, तर लाकूड सबंध आहे. कडेला वेगळी, कागदासारखी पातळ पट्टी दिसली, तर वर फक्त लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला आहे. तो जोरात घासला तर फाटतो आणि आतला भुसा दिसतो.

दुसरं, कीड लागली आहे का? लाकडावर टाचणीएवढी गोल भोकं असतील आणि खाली पिठासारखी भुकटी पडत असेल, तर आत अजून किडा आहे. असं कपाट घरात आणू नका.

तिसरं, कपाट डुगडुगतं का? दोन्ही हातांनी धरून हलवा. जुन्या फर्निचरचे सांधे बऱ्याचदा सरसाने चिकटवलेले असतात. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून केलेला डिंक. तो जुना झाला की कोरडा पडून सुटतो. सैल सांध्यात नुसता नवा ग्लू ओतून भागत नाही, कारण जुन्या सरसावर नवा ग्लू धरत नाही. सांधा सोडवा, गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने जुना सरस पुसून काढा, लाकूड वाळू द्या, मग ग्लू लावा आणि क्लॅम्पने दाबून एक दिवस ठेवा. खिळा ठोकायचा मोह टाळा. खिळ्याने लाकूड फाटतं आणि काही महिन्यांनी खिळ्याचं डोकं वर येतं.

मुठीही तपासा. मूठ निघून हातात आली आणि ती टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळकांड्यातून आत गेली, तर ती बाळाच्या घशातही अडकू शकते. अशा मुठी बदला, आणि नव्या मुठी आतून पक्क्या स्क्रूने बसवा.

जुनी झाकणाची पेटी खेळण्यांसाठी वापरणार असाल, तर झाकण आणि कुलूप दोन्ही काढून टाका. काही जुन्या पेट्यांचं झाकण पडलं की कुलूप आपोआप लागतं, आणि आत लपलेल्या मुलाला ते उघडता येत नाही.

४. घासणं आणि रंगवणं

हे काम घराबाहेर किंवा दार उघडं ठेवून गॅरेजमध्ये करा. तोंडावर मास्क लावा. लाकडाची साधी धूळसुद्धा छातीला चांगली नाही.

पॉलिश पेपरच्या पाठीवर नंबर असतो. नंबर लहान तेवढा कागद खरखरीत. १२० पासून सुरू करा, मग १८०, शेवटी २२०. हात नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवा. आडवं घासलं तर ओरखडे उठतात आणि पॉलिश केल्यावर ते जास्तच दिसतात. घासून झालं की डोळे मिटून सगळ्या कडांवरून हळूच तळहात फिरवा. तुमच्या हाताला जे कुसळ टोचलं, ते बाळाच्या बोटात गेलं असतं. कोपरे थोडे गोल करा. भोकं आणि भेगा लांबीने भरा. मग ओलसर फडक्याने धूळ पुसा.

खणांच्या आतल्या बाजूला तेल लावू नका, बाळाच्या कपड्यांना त्याचा वास लागतो. तिथे लाखेचं पॉलिश चांगलं. लाख भारतात फार पूर्वीपासून वापरतात. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर लाखेचे किडे राहतात आणि फांद्यांवर लाखेचा थर तयार करतात. ती लाख स्वच्छ करून स्पिरिटमध्ये विरघळवली की पॉलिश तयार होतं. औषधाच्या काही गोळ्यांवरची चमकही लाखेचीच असते. मात्र पाणी सांडलं की लाखेवर पांढरे डाग पडतात. म्हणून कपाटाच्या वरच्या फळीला, जिथे रोज पुसापुशी होणार, तिथे पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन किंवा चांगला रंग बरा.

रंगाचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले. आणि एक फरक लक्षात ठेवा : रंग हाताला कोरडा लागणं वेगळं आणि तो आतपर्यंत पक्का होणं वेगळं. पहिल्याला काही तास लागतात, दुसऱ्याला बऱ्याचदा तीन-चार आठवडे. तोपर्यंत वास येत राहतो. म्हणून आपल्या घरी एक सोपा नियम ठेवता येईल : रंगकाम डोहाळजेवणाच्या आधी संपवायचं. डोहाळजेवण साधारणपणे सातव्या महिन्यात करतात, म्हणजे बाळ येईपर्यंत खोलीला मोकळी हवा मिळायला पुष्कळ दिवस उरतात.

कोणी जवसाचं तेल वापरत असेल, तर त्या तेलाची फडकी चुरगळून टाकू नका. हे तेल वाळताना स्वतः गरम होतं. फडक्यांचा बोळा असला तर ती उष्णता आत साठते, आणि काडी न लावताही फडकी पेट घेतात. फडकी बाहेर एकेक पसरून वाळवा.

५. कपाट भिंतीला बांधा

हे काम सगळ्यात शेवटी येतं आणि म्हणूनच राहून जातं. ते राहू देऊ नका.

मुलाने खालचे दोन खण उघडले आणि त्यांवर पाय दिला, की सगळं वजन पुढे येतं. जड कपाटसुद्धा पुढे कलंडतं. अमेरिकेत १ सप्टेंबर २०२३ पासून बनणाऱ्या कपड्यांच्या कपाटांना ते सहज कलंडत नाही ना, याची चाचणी पास करावी लागते. तुमच्या जुन्या कपाटाची अशी चाचणी कधीच झालेली नाही.

अमेरिकेतल्या बऱ्याच घरांच्या भिंती आतून पोकळ असतात. पातळ बोर्डाच्या मागे लाकडी खांब असतात, बहुतेक वेळा १६ इंचांवर, म्हणजे साधारण ४० सेंटीमीटरवर एक. कपाटाचा पट्टा या खांबातच स्क्रूने बसवा. नुसत्या बोर्डात बसवलेला स्क्रू ओढला की बाहेर येतो. जड वस्तू खालच्या खणात ठेवा. कपाटावर टीव्ही ठेवू नका, आणि खेळणीही नकोत, कारण ती घ्यायलाच मूल वर चढतं.

६. आणि आजीचा पाळणा?

वस्तू पारखता येते. माणसाचं मन सांभाळणं जास्त अवघड. हा संवाद मोठ्याने वाचा.

आजी : अगं, तो बेसमेंटमधला पाळणा वर आणा ना आता. तुझे बाबा त्यातच वाढले.
ताई : आणूया की, आजी. पण रात्री बाळाला त्यात नाही झोपवायचं.
आजी : का गं? तुझ्या बाबांना काही झालं का त्यात?
ताई : नाही झालं. पण तूच सांगतेस ना, तू रात्रभर दोरी हातात धरून बसायचीस? इथे मी झोपणार, बाळही झोपणार. बघायला कोण? आणि हे गज बघ, माझी अख्खी मूठ आत जाते.
आजी : हं. रंगाचेही पोपडे निघालेत म्हणा.
ताई : रंग तपासायला पाठवते. चांगला निघाला तर बारसं याच पाळण्यात करू. सगळे आजूबाजूला असतील, पाळणा म्हणायला तू असशील.
आजी : आणि नाही निघाला तर?
ताई : तर बाळ तुझ्या मांडीवर, आणि पाळणा दूर, फुलांनी सजवून ठेवू.
आजी : माझी गोधडी तरी चालेल का? की तीही प्रयोगशाळेत?
ताई : गोधडी दुपारी जमिनीवर अंथरायची, बाळ जागं असताना. रात्री क्रिबमध्ये नको.
आजी : बरं बाई. निदान नाव तरी मला विचारून ठेवा.
ताई : ते आत्याला सांग!

ताईने आजीला ‘तुझा पाळणा वाईट आहे’ असं म्हटलं नाही. पाळण्याला नवं काम दिलं. जुन्या वस्तूचा मान राखायला ती रोज वापरायलाच हवी असं नाही. ती कुठे शोभेल आणि कुठे बाळाला इजा करेल, हे ओळखलं म्हणजे झालं.

शब्दांकडे पाहू

हात : मराठीत फर्निचरलाही अंग असतं. टेबलाला पाय असतात, खुर्चीला पाठ आणि हात असतात. पण ‘रंगाचा हात’ म्हणजे रंगाचा एक थर. ‘भिंतीला दोन हात दिले’ म्हणजे भिंत दोनदा रंगवली.

खण : कपाटाचा ड्रॉवर. ब्लाउजच्या कापडालाही खण म्हणतात. डोहाळजेवणात ओटी भरताना खण आणि नारळ देतात, तो हा दुसरा खण.

पाळणा : बाळाची झुलती जागा. बारशाला म्हणतात त्या गाण्यालाही पाळणा म्हणतात. म्हणून पाळणा ‘हलवतात’ आणि पाळणा ‘म्हणतात’ही.

शिसं आणि शिसवी : शिसं हा धातू. शिसवी हे काळपट, जड, महाग लाकूड. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. शिसपेन्सिलीतही शिसं नसतं, ग्राफाइट असतं.

लांबी : लाकडाची किंवा भिंतीची भोकं बुजवायचा लगदा. ‘टेबलाची लांबी’ म्हणजे टेबल किती लांब आहे ते. वाक्यावरून अर्थ ओळखा.

डुगडुगणे, कलंडणे : डुगडुगणारी वस्तू जागेवरच हलते. कलंडणारी वस्तू एका बाजूला पडते.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तर द्या : सोड्याच्या कॅनने काय तपासता येतं?

२. कारण सांगा : शिशाचा जुना रंग घासल्यावर धोका का वाढतो?

३. फरक सांगा : ‘रंग कोरडा झाला’ आणि ‘रंग पक्का झाला’.

४. योग्य शब्द भरा (डुगडुगतं, कुसळ, हात, खांबात) :
अ) खिडकीला रंगाचा अजून एक ______ द्यायला हवा.
आ) बोटात ______ गेलं, सुई आण.
इ) हे स्टूल ______, त्यावर उभा राहू नकोस.
ई) स्क्रू भिंतीतल्या लाकडी ______ बसव.

५. संवाद लिहा : मावशीने तुम्हाला २००५ सालची क्रिब द्यायचं ठरवलं आहे. तिला वाईट न वाटू देता ‘नको’ कसं म्हणाल? सहा ते आठ वाक्यं लिहा.

६. घरी करून पाहा : घरातल्या मोठ्या माणसाला एका जुन्या लाकडी वस्तूबद्दल विचारा. ती कोणी केली, कोणत्या लाकडाची आहे, कुठून आली, तिच्यावर शेवटचा रंग कधी लावला? मग घरात लहान मूल असो वा नसो, खणांचं कपाट भिंतीला बांधलेलं आहे का ते बघा. पाहुण्यांची मुलंही चढतात.